विषय: सभासद-यादी एक्सेलमध्ये आणल्यावर वर्गणीची बेरीज वाढते (तातडीचे)

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

हिशेबतपासनीसांना उद्या संध्याकाळपर्यंत सभासद-यादी आणि वर्गणी एकाच तक्त्यात द्यायची आहे, म्हणून काल रात्री मी डेटाबेसमधून नेहमीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) काढली आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली. मराठी नावांच्या जागी अनोळखी चिन्हे आली आहेत, दूरध्वनी क्रमांकांच्या सुरुवातीचे शून्य गेले आहे आणि वर्गणीची बेरीज खजिनदारांच्या वहीपेक्षा दुपटीहून अधिक दिसते आहे. पहिल्या दोन गोष्टी हाताने दुरुस्त करता येतील, पण बेरजेचे कारण मला सापडत नाही. ज्यांना कळत असेल त्यांनी कृपया आजच लिहावे.

— कार्यवाह

प्रेषक: माजी कार्यवाह

स. न. वि. वि.

नावे हाताने दुरुस्त करू नयेत, कारण ती बिघडलेलीच नाहीत. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवणाऱ्या युनिकोड संकेतपद्धतीत आहे आणि त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. फाइलच्या आरंभी ओळखखूण म्हणून तीन ठरावीक बाइट नसले, तर टिचकी मारून उघडताना एक्सेल तिला संगणकाच्या जुन्या संकेतपद्धतीत वाचतो आणि एका अक्षराच्या जागी तीन चिन्हे दाखवतो. चिन्हे तिपटीने वाढलेली दिसली की हेच झाले आहे असे समजावे. एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडून ‘डेटा’ या टॅबमधून फाइल आयात करावी आणि तेथे यूटीएफ-८ निवडावे.

मात्र यादीतील सर्वात जुन्या नोंदींबाबत वेगळी काळजी घ्यावी लागेल. माझ्या कारकिर्दीच्याही आधी त्या जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित झाल्या होत्या. त्यांत मुळातच रोमन अक्षरे साठवलेली आहेत आणि फाँट काढला की अर्थहीन मजकूर उरतो. त्यांना युनिकोड परिवर्तकातूनच, म्हणजे असा मजकूर खऱ्या देवनागरीत बदलणाऱ्या साधनातूनच, न्यावे लागते. मी त्यातील बऱ्याच नोंदी त्या वेळी बदलून ठेवल्या होत्या. उरलेल्या कोणत्या, हे नंतरच्या समितीने पाहायला हवे होते.

— माजी कार्यवाह

प्रेषक: खजिनदार

कार्यवाह महोदय,

वहीतील बेरीज मी पावतीपुस्तकाशी आणि बँकेच्या उताऱ्याशी दोनदा ताडून पाहिली आहे, तेव्हा शोध तक्त्यातच घ्यावा. मी आज एकच कुटुंब निवडून त्याच्या ओळी पाहिल्या. कुटुंबात आई, वडील आणि मुलगी अशा तीन व्यक्ती आहेत आणि वर्षात त्यांनी दोन हप्त्यांत वर्गणी भरली, म्हणजे माझ्याकडे दोन पावत्या आहेत. तक्त्यात मात्र त्यांच्या सहा ओळी आहेत: आईसमोर दोन्ही पावत्या, वडिलांसमोर पुन्हा त्याच दोन आणि मुलीसमोर पुन्हा त्याच. एकट्या सभासदांच्या ओळी अगदी बरोबर आहेत.

— खजिनदार

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

मग एक्सेलमधील ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ वापरून पावत्यांच्या जादा ओळी काढून टाकल्या तर पाच मिनिटांत काम होईल. कुटुंब क्रमांक, तारीख आणि रक्कम हे तीन रकाने निवडावेत. माझ्या कार्यालयात आम्ही नेहमी असेच करतो.

प्रेषक: डेटाबेस समिती

नमस्कार,

वरची सूचना कृपया अमलात आणू नये. एखाद्या कुटुंबाने एकाच दिवशी सारख्याच रकमेच्या दोन पावत्या केल्या असतील (नोंदणीच्या दिवशी असे घडतेच), तर त्यातली एक खरी पावती कायमची गळेल आणि या वेळी बेरीज कमी भरेल. शिवाय ज्या ओळी दिसायला सारख्या आहेत त्या चुकून दोनदा नोंदल्या गेल्या, की आपणच त्या गुणाकाराने निर्माण केल्या, हे तक्ता पाहून सांगता येत नाही.

खजिनदारताईंनी जे कुटुंब पाहिले त्यातच सगळे उत्तर आहे. डेटाबेसमध्ये कुटुंबे, व्यक्ती आणि पावत्या असे तीन वेगळे तक्ते आहेत. एका कुटुंबाला अनेक व्यक्ती जोडलेल्या असतात आणि त्याच कुटुंबाला अनेक पावत्याही जोडलेल्या असतात, परंतु व्यक्ती आणि पावती यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. कार्यवाहांनी वापरलेल्या प्रश्नात, म्हणजे क्वेरीत, तिन्ही तक्ते एकदम जोडले आहेत. अशा वेळी डेटाबेस प्रत्येक व्यक्तीची प्रत्येक पावतीशी जोडी लावतो. तीन गुणिले दोन म्हणजे सहा ओळी आणि प्रत्येक पावती तीनदा मोजलेली. डेटाबेसने चूक केली नाही, जे विचारले त्याचेच उत्तर दिले.

यावर उपाय जोडणीच्या आधीच करावा लागतो. प्रथम फक्त पावत्यांचा तक्ता घेऊन कुटुंब क्रमांकानुसार गट पाडून (‘ग्रूप बाय’ने) बेरीज करावी, म्हणजे कुटुंबामागे एकच ओळ उरते, आणि मगच ती कुटुंबांच्या तक्त्याला ‘लेफ्ट जॉइन’ने जोडावी, म्हणजे पावती नसलेली कुटुंबेही यादीत राहतात. साधा ‘इनर जॉइन’ घेतला तर ज्यांनी वर्गणी भरलेलीच नाही ती कुटुंबे यादीतून नाहीशी होतील आणि थकबाकी नेमकी त्यांचीच विचारायची असते. व्यक्तींची यादी स्वतंत्र पानावर आणावी.

ही क्वेरी मी डेटाबेसमध्येच ‘व्ह्यू’ म्हणून, म्हणजे तक्त्यासारखी वाचता येणारी तयार क्वेरी म्हणून, बांधून ठेवली आहे आणि कार्यवाहांसाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेले खाते उघडले आहे. यापुढे प्रत्येकाने आपापली क्वेरी न लिहिता एक्सेलच्या ‘गेट डेटा’मधून ओडीबीसीमार्गे (एक्सेलसारख्या प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी सोय) याच व्ह्यूला जोडावे, म्हणजे पुढच्या वेळी ‘रिफ्रेश’ केले की ताजी माहिती येईल.

— डेटाबेस समिती

प्रेषक: माजी कार्यवाह

व्ह्यूची कल्पना उत्तम आहे, परंतु जी क्वेरी चुकीची ठरली ती माझ्या काळातील आहे, असा समज होऊ नये म्हणून लिहितो. माझ्या वेळी पावत्या डेटाबेसमध्ये नव्हत्याच. तो तक्ता नंतर जोडला गेला. आणखी एक आग्रहाची विनंती: दोन याद्या नावांवरून जुळवू नयेत. ‘ऱ्ह’ असलेली आडनावे काहींनी ‘ऱ’ हे अक्षर वापरून टंकली आहेत, तर काहींनी ‘र’ला हलन्त देऊन पुढे शून्य-रुंदीचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, जोडचिन्ह घातले आहे. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात, पण आत साठवलेली चिन्हे निराळी आहेत. जुळणी सभासद क्रमांकावरूनच व्हावी.

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

ओडीबीसीबद्दल एक अनुभव सांगतो. ड्रायव्हर (ही जोडणी करून देणारा छोटा प्रोग्राम) व्यवस्थित बसवूनही माझा एक्सेल दोन दिवस जोडणी नाकारत होता. एक्सेल ६४ बिटचा आणि ड्रायव्हर ३२ बिटचा असला की असे होते. दोन्ही एकाच प्रकारचे हवेत. विंडोजमध्ये ओडीबीसीच्या व्यवस्थापक खिडक्यासुद्धा दोन निरनिराळ्या असतात, त्यामुळे एकीत केलेली जोडणी दुसरीत सापडली नाही तर गोंधळू नये.

प्रेषक: खजिनदार

दूरध्वनी क्रमांकांचा विषय मागे पडला म्हणून लिहिते. गेलेले शून्य हाताने लावणे धोक्याचे आहे, कारण सगळ्याच क्रमांकांना ते नव्हते. आयात करतानाच तो रकाना ‘मजकूर’ प्रकारचा ठरवावा. दूरध्वनी क्रमांकाची कोणी बेरीज करत नाही. बँकेच्या व्यवहार क्रमांकांनाही तेच लागू आहे, कारण एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतो आणि त्यापुढच्या प्रत्येक अंकाचे शून्य करतो. माझ्याकडील १८ अंकी क्रमांकांचे शेवटचे तीन अंक गेल्या वर्षी असेच गेले आणि सर्व पावत्या पुन्हा हाती घ्याव्या लागल्या.

— खजिनदार

प्रेषक: कार्यवाह

मंडळी,

व्ह्यूला जोडून घेतले. ड्रायव्हर ६४ बिटचाच घेतला होता, त्यामुळे तेथे अडले नाही. नावे स्वच्छ आली, शून्ये जागेवर आहेत आणि कुटुंबांच्या ओळी डेटाबेसमधील कुटुंबांइतक्याच आहेत. तरीही वर्षाची बेरीज वहीपेक्षा एका पावतीने कमी भरत होती. ती पावती ४ मार्चची निघाली. पावत्यांच्या तक्त्यात तारीख मजकूर म्हणून साठवलेली असल्यामुळे ‘०४/०३’ हे व्ह्यूने महिना आधी धरून ३ एप्रिल असे वाचले आणि पावती ३१ मार्चला संपणाऱ्या हिशेबी वर्षाबाहेर गेली. डेटाबेस समितीने आता व्ह्यूमध्ये दिवस आधी धरण्याचे स्पष्ट लिहिले आहे आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख द्यायचे मान्य केले आहे. बेरीज वहीशी शेवटच्या अंकापर्यंत जुळली.

तक्ता आत्ताच हिशेबतपासनीसांना पाठवला आहे. काल रात्रीची सीएसव्ही ज्यांच्याकडे गेली आहे त्यांनी ती कृपया काढून टाकावी. जुन्या फाँटमधील उरलेल्या नोंदी शोधून त्यांची यादी माजी कार्यवाहांकडे या रविवारपर्यंत पाठवतो; त्यांनी ती तपासून द्यावी, ही विनंती.

— कार्यवाह