कॅम्पातल्या जुन्या बंगल्यात व्हॉयझीच्या धर्तीचं लाकडी पॅनेलिंग: ओल, लाकूड आणि उंची

दगडीभिंत:
मंडळी, पुण्यात कॅम्पातल्या बंगल्याच्या बैठकीचं काम काढलंय. खोली 16 बाय 14 फूट, उंचीही 14 फूट. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यातल्या, पावणेदोन फूट जाड. मागच्या दुरुस्तीत खालचे 4 फूट सिमेंटने गिलावून वर ऑइलपेंट मारलाय. पावसाळ्यात नेमका त्याच्या वरच्या कडेला ओलीचा पट्टा उमटतो.

डोळ्यासमोर आहे ते इंग्लिश वास्तुकार चार्ल्स व्हॉयझीचं लंडनमधलं काम. चेल्सी एम्बँकमेंटवरचं 'गार्डन कॉर्नर' हे व्हिक्टोरियन घर त्याने 1906-07 च्या सुमारास एम्सली हॉर्निमनसाठी आतून बदललं. पॉलिश न केलेल्या ओकचं पॅनेलिंग, कपाटं भिंतीतच. तसंच 7 फुटांपर्यंत सागवानात करायचं आहे. फॉल्स सीलिंग घालून उंची 10 फुटांवर आणावी का? आणि ओलीच्या भिंतीवर लाकूड टिकेल का?

चुन्याची_निवळी:
आधी ओल, मग लाकूड. सिमेंट ठेवून वर पॅनेल ठोकलंत तर दोन पावसाळ्यांत पाठीमागे बुरशी येईल. दगड-चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून सोडते. सिमेंट आणि ऑइलपेंटने तो रस्ता बंद केला, म्हणून ओल 4 फूट चढून वर बाहेर पडतेय.

सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ब्रेकर लावू नका, दर्जांमधला (दगडांच्या सांध्यांतला) चुना ढिला होतो. दर्जा 20-25 मिमी खरवडून चुन्याने भरा आणि 1 भाग चुना, 3 भाग वाळू असा गिलावा दोन थरांत करा. एका थरात 12 मिमीपेक्षा जास्त नको. आठवडाभर पाणी शिंपडत राहा, कारण झटकन सुकलेल्या चुन्याची पूड होते. बाहेरच्या बाजूला अंगणाची फरशी जोत्यापेक्षा वर आली असेल तर ती खाली घ्या. ते राहिलं तर आतलं सगळं वाया. लाकूडकाम पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या पुढे धरा.

रंधा_पटाशी:
निवळींशी सहमत. फॉल्स सीलिंग अजिबात नको. माथ्याजवळचे व्हेंटिलेटर त्यामागे जातील आणि एप्रिल-मेमध्ये गरम हवा कोंडेल. व्हॉयझीकडून छताची उंची घेऊ नका, आडवी रेषा घ्या. चोर्लीवूडच्या स्वतःच्या घरातही (द ऑर्चर्ड, 1899) दाराच्या माथ्याशी फिरवलेली पट्टी आणि वर पांढरा रंग, एवढ्यावर खोली बसकी वाटते. तुमच्याकडे दाराचा माथा, कपाटांचा माथा आणि पॅनेलची टोपीपट्टी एकाच पातळीत, 7 फुटांवर आणा. दिवेही तिथवर लोंबते सोडा.

आता लाकूड. परीघ 60 फूट. दारं-खिडक्या वजा जाता साधारण 46 फूट, म्हणजे 322 चौरस फूट. 1 इंची फळीची चौकट आणि अर्ध्या इंचाची पॅनेलं धरली तर निव्वळ 19 घनफूट, घट धरून 25. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात पाडलेल्या वास्तूंचं जुनं सागवान मिळालं तर तेच घ्या, फक्त खिळे काढून मगच रंध्याखाली घाला. ओलावा मीटरवर 12 टक्क्यांच्या आत हवा.

काम बिघडतं ते पॅनेल खाचेत चिकटवल्याने. 300 मिमी रुंद सागवानी फळी उन्हाळा ते पावसाळा जवळपास 3 मिमी फुगते. फेव्हिकॉलने अडकवली तर ती तरी चिरते, नाही तर चौकट उघडते. म्हणून चौकटीचे जोड कुसू (खाचेत बसणारी जीभ) घालून डकवा, पण पॅनेल 10 मिमी खोल खाचेत सुटं ठेवा, दोन्ही अंगांना 3 मिमी मोकळं. सागात तेल असतं, त्यामुळे जोड डकवण्याआधी थिनरने पुसा.

भिंतीवर 50 बाय 25 मिमीच्या आडव्या पट्ट्या, दर 2-3 फुटांवर 75 मिमीची फट सोडून. खाली स्कर्टिंगला भोकं, वर टोपीपट्टीमागे 6 मिमीची फट. हवा फिरली पाहिजे. गिलाव्यात बसवलेला रावळप्लग (स्क्रूसाठीची छोटी खुंटी) सुटतो, तेव्हा दगडात 60 मिमी तरी शिरेल असा लांब फ्रेम फिक्सर (प्लगसकट येणारा लांब स्क्रू) वापरा.

दगडीभिंत:
फार उपयोगी. वाळवी, वायरिंग आणि पॉलिशचं काय? सुतार मेलॅमाइन म्हणतोय.

मठारकाम:
वाळवीसाठी पट्ट्या ठोकण्याआधी जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात दर 300 मिमीवर 12 मिमीची भोकं पाडून औषध भरून घ्या, परवानाधारक माणसाकडूनच. वायरिंग कंड्युटमधून पॅनेलमागच्या पोकळीत न्या आणि स्विचजवळचं एक पॅनेल स्क्रूने उघडेल असं ठेवा.

मेलॅमाइन नको. त्याची चकाकी या कामाला मारून टाकते आणि ओरखडा पडला की तेवढाच भाग दुरुस्त होत नाही. बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल) आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, पातळ दोन हात, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्यायचं. आठ दिवसांनी मेण. पॅनेलच्या पाठीलाही एक हात द्या, नाही तर एकाच बाजूने ओलावा पिऊन फळी वाकते. जाड हात दिला तर तेल चिकट राहतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

बिजागऱ्या व्हॉयझीसारख्या लांब पट्ट्यांच्या हव्या असतील तर भार लोखंडी बिजागरीवर ठेवा आणि वरची पट्टी कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारलेल्या तांब्याची करून घ्या. लोखंड उघडं ठेवलंत तर ओलीत सागावर काळे डाग पडतात. आधी रंगवून घ्या.

तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा, आणि सुतारांच्या पोरांनाही हे पहिल्याच दिवशी सांगा.