डेंग्यूतील प्लेटलेट आणि अस्थिमज्जा

डेंग्यूत प्लेटलेट रक्तातच नष्ट होतात, असे म्हटले जाते; ते खरे असले तरी अपुरे आहे. नळाला रोज पाणी येत नसल्याने पिंपे भरून ठेवावी लागणाऱ्या आपल्या सोलापुरात डेंग्यूचे रिपोर्ट घरोघरी वाचले जातात; त्यांत प्लेटलेटबरोबर, पुष्कळदा त्यांच्याही आधी, पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसतात, कारण तापाच्या पहिल्या दिवसांत अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या आतील रक्त घडवणाऱ्या मऊ गरातील, पेशीनिर्मितीच मंदावलेली असते.

तिथल्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून सर्व रक्तपेशी घडतात त्या पेशी, एरवी बहुतांशी सुप्त असतात. विषाणूची चाहूल लागताच स्रवणारे इंटरफेरॉन हे संदेशवाहक प्रथिन त्यांना विभाजनास भाग पाडते, हे 2009 साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले. मात्र हा ताण दीर्घकाळ राहिला तर त्यांची रक्त घडवण्याची क्षमता खालावते.

पार्व्होव्हायरस बी19 या दुसऱ्या विषाणूची तऱ्हा वेगळी आहे. तो लाल पेशींच्या पूर्वज पेशींतच शिरून त्यांना मारतो. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकत असल्यामुळे त्याला ही तूट सहसा जाणवतही नाही. परंतु सिकल सेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाच्या लाल पेशी मुळातच अल्पायुषी असल्याने त्याचे हिमोग्लोबिन काही दिवसांत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून अशा मुलाला ताप आल्यास केवळ प्लेटलेटवर न थांबता हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्याने आलेल्या लाल पेशी, मोजून घेण्याबद्दल पालकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.