उत्तर: कॅनोलात एकाच जनुकाच्या इतक्या प्रती कशा?

प्रश्न असा आहे: अरॅबिडॉप्सिसमध्ये (मोहरीच्या कुळातलं, प्रयोगशाळेत अभ्यासलं जाणारं छोटं रोप) एकच असलेलं जनुक कॅनोला या तेलबियांच्या पिकात चार-पाच ठिकाणी कसं? कारण कॅनोला हा मुळात दोन जातींचा संकर: सलगमाच्या जातीची २० गुणसूत्रं, कोबीची १८, मिळून ३८. शिवाय त्यांच्या पूर्वजात जनुकसंच आधीच तिप्पट झाला होता. २०१४ साली कॅनोलाचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर एकमेकांशी मिळत्याजुळत्या जनुकांची अशी कुटुंबं मोजणं सोपं झालं. पण नुसत्या मोजदादीवर थांबू नका, ही कळकळीची विनंती. एपी२ या नियामक जनुकांच्या (इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या) कुटुंबातलं रिंकल्ड१ हे जनुक घ्या. अरॅबिडॉप्सिसमध्ये ते बिघडलं की बी अक्षरशः सुरकुततं, तेल सुमारे ८० टक्क्यांनी घटतं! म्हणून दाणा भरताना नेमकी कोणती प्रत सक्रिय असते, ते आधी तपासा.