रेसिडेन्सी, तबला आणि मित्रमंडळी: काहीच सोडायचं नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मुंबईतल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे जेआर वन, वॉर्डात काम करत शिकणारी ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टर. डॉक्टर मंडळींनी लिहावंच, पण ज्यांच्या घरात किंवा मित्रांत कुणी रेसिडेंट आहे त्यांनीही जरूर लिहा. तुमची बाजू मला जास्त ऐकायची आहे. वयाने लहान आहे, एकेरीत बोललात तर बरंच वाटेल.

आधी कामाबद्दल, कारण बाहेर त्याचा अंदाज नसतो. सकाळी सहाच्या आत वॉर्डात पोचायचं. रक्ताचे नमुने घ्यायचे, रात्रीचे रिपोर्ट गोळा करायचे, प्रत्येकाचं बीपी, शुगर, लघवीचं प्रमाण लिहून ठेवायचं, कारण आठला सीनियर येतात आणि मग सरांचा राउंड. ओपीडीचा दिवस वेगळा. युनिटची इमर्जन्सी, म्हणजे तातडीचे पेशंट आमच्याकडे दाखल व्हायचा वार, असली की तो दिवस दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लांबतो. त्यात पावसाळा. जुलै-ऑगस्टमधला मुंबईचा मेडिसिन वॉर्ड ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. डेंगी, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप), दोन खाटांच्या मध्ये घातलेल्या गाद्या, आणि त्या गाद्यांपाशी गुडघे टेकून सलाईन लावणारे आम्ही.

गैरसमज नको, मला हे काम मनापासून आवडतं. परवा लेप्टोच्या एका पेशंटला, ज्याची किडनी बंद पडून डायलिसिस चालू होतं, पुन्हा लघवी व्हायला लागली. त्याची बायको आणि मी, दोघी त्या पिशवीतल्या पिवळ्या पाण्याकडे बघून हसत होतो. मेडिसिन सोडायचा विचार माझ्या मनाला शिवलेलाही नाही.

पण मी मिरजेची. शाळेत असल्यापासून तबला शिकले, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद प्रथमपर्यंत आले. विशारद पूर्ण राहिलंय. एमबीबीएसच्या काळात रियाज कमी झाला, पण सुटला कधीच नाही. आता हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, आणि तिघींपैकी कुणीतरी कायम ड्यूटी करून झोपलेली असते. तिथे तबला कसा वाजवणार? जोडी पलंगाखाली आहे. मध्ये एकदा गवसणी उघडली तर पावसाळी हवेने तबला पार उतरलेला. माझी बोटंही पूर्वीची राहिली नाहीत. दिवसभर ग्लोव्ह्ज आणि सॅनिटायझर, त्यामुळे टोकांना भेगा पडतात आणि तबल्याच्या किनारीवर ‘ना’ हा बोल मारला की झोंबतं.

मित्रांचं दुखणं निराळं. शाळेपासूनचा आमचा ग्रुप, त्यातले बरेच जण आता मुंबई-पुण्यात नोकरीला आहेत. मागच्या महिन्यात सगळे राजमाचीला जाऊन आले. मला फोटोंवरून कळलं. विचारलं तर एकजण सरळपणे म्हणाला, “अगं, तू येणार नाहीसच म्हणून तुला सांगितलं नाही.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मला माहीत आहे. तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्यातलीच माझी सगळ्यात जवळची मैत्रीण तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर कोल्हापूरला लग्न करते आहे. तिथे मला जायचंच आहे.

घरी बोलले की डॉ. श्रीराम लागू, डॉ. मोहन आगाशे यांची नावं निघतात. ‘त्यांनी नाही का सगळं केलं!’ दोघांबद्दल अपार आदर आहे. पण डॉ. लागूंनी 1969 मध्ये कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नाटक स्वीकारलं. माझा प्रश्न त्याच्या उलटा आहे. मला डॉक्टरच राहायचंय, आणि तीन वर्षांनी बाहेर पडेन तेव्हा हात आणि माणसं दोन्ही माझी असावीत एवढीच इच्छा आहे.

‘पहाटे लवकर उठ’, ‘वेळापत्रक कर’ हे सल्ले कृपया नकोत. माझी पहाट वॉर्डात जाते. विचारायचं आहे ते असं:

विशारद पूर्णचा फॉर्म यंदा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला भरू का पुढे ढकलू? ढकललं तर ते कायमचंच राहील अशी भीती वाटते.

रियाज बंद असताना हात शाबूत ठेवायला कमीत कमी काय करावं?

लग्नासाठी सुट्टी कशी मागावी? को-जेआर, म्हणजे माझ्याबरोबरचे रेसिडेंट, माझ्याइतकेच थकलेले आहेत, त्यांच्यावर माझं ओझं टाकायला जीव होत नाही.

आणि मित्रांना नेमकं काय सांगू?

– मिरजेची_जेआर

▪ हाडाचा_डॉक्टर (ऑर्थो, तिसरं वर्ष)

स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. पहिल्या वर्षात फक्त झोप आणि जेवण सांभाळ. मी गिटार घरी पाठवून दिली होती. ती दिसायची आणि रोज अपराधी वाटायचं, त्यापेक्षा नजरेआड बरी. नवीन जेआर वन आले की सकाळचं सॅम्पलिंग तुझ्या अंगावरून उतरेल. पुढे डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) आहे, तीन महिने जिल्हा रुग्णालयात पोस्टिंग. काम तिथेही असतं, पण बऱ्याच ठिकाणी माणसाला संध्याकाळ मिळते. मी गिटार पुन्हा हातात घेतली ती तिथेच. आणि इमर्जन्सी संपल्यावर स्कूटर चालवत मैत्रिणींना भेटायला जाऊ नकोस. रिक्षा कर, लोकल पकड, पण हँडल धरू नकोस. अपघात झालेले आपलेच लोक माझ्या वॉर्डात आलेले पाहिलेत.

▪ पढंत

मी ठाण्याला तबला शिकवतो. वरच्या दादांचं झोपेबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण तबला घरी पाठवायला माझा विरोध आहे. वाद्य डोळ्यांसमोरून गेलं की विद्यार्थी परत येत नाहीत असा माझा अनुभव आहे.

फॉर्म यंदा भरू नकोस बाळा. विशारद पूर्णला लेखी आणि क्रियात्मक दोन्हींची तयारी लागते, आणि परीक्षेसाठी घाईघाईत बसवलेले कायदे (तबल्यातल्या ठरावीक बोलरचना) हाताला वाईट वळण लावतात. लेखीचं वाचन मात्र आत्ताच सुरू ठेव, ते लोकलमध्येही होतं. फॉर्म पुढच्या वर्षी भर आणि ते आजच तुझ्या गुरुजींना फोन करून सांगून टाक. कुणाला तरी शब्द दिलेला असला की गोष्ट मागे पडत नाही.

हाताबद्दल. एकच कायदा घे, नवीन नको. दिल्लीचा ‘धा ति ट धा ति ट धा धा ति ट धा गे ती ना की ना’ तुझा झालेला असणारच. त्याची पढंत कर, म्हणजे बोल तोंडाने म्हण, हाताने टाळी-खाली देत, ठाय (संथ) आणि दुगुन (दुप्पट) लयीत. वॉर्डातून हॉस्टेलकडे चालताना होते, आवाज लागत नाही, कुणाची झोप मोडत नाही. पलटे (त्याच बोलांच्या नव्या जुळण्या) मनात सुचायला लागले तर समज की तबला शाबूत आहे. बोटं महिन्याभरात परत येतात, लय हरवली तर ती परत आणायला फार वेळ जातो. खोलीत वाजवायचंच झालं तर पुडीवर (तबल्याच्या चामड्यावर) जाड सुती फडकं टाकून वाजव, नाद जातो पण निकास (बोल काढायची पद्धत) समजतो.

पलंगाखालून जोडी आधी वर काढ, जमिनीची ओल तिला खाते. पावसात तबला उतरला म्हणून हातोडीने ठोकून चढवत बसू नकोस. हवा कोरडी झाली की चामडं आपोआप ताणलं जातं आणि त्यावर आधीच जास्त ताण असला तर पुडी फाटते. भेगांसाठी क्रीम रात्री झोपताना लाव. वाजवायच्या आधी लावलंस तर तेलकट बोटांनी पुडीवरची काळी शाई खराब होते.

▪ डॉक्टरची_मैत्रीण

मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. माझी जिवलग मैत्रीण पुण्यात बालरोग विभागात रेसिडेंट होती, त्यामुळे तुमच्या मित्रांच्या जागी मी बसलेली आहे. आमच्या बाजूने कसं दिसतं ते सांगते. ती दर वेळी ‘बघते गं’ म्हणायची. आम्ही तिच्यासाठी जागा धरून ठेवायचो, ती ऐनवेळी यायची नाही, आणि हळूहळू विचारणंच बंद झालं. आमचं प्रेम कमी झालं नव्हतं, फक्त आम्हाला वाटायचं की आपण विचारून तिला त्रास देतोय.

मग तिने एक दिवस तिच्या इमर्जन्सीच्या वारांची यादी ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, ‘या दिवशी मी नाही. बाकी दिवशी रात्री नऊनंतर कुणीही कॅन्टीनला या, मी चहा पाजते.’ आणि खाली, ‘मी नाही म्हटलं तरी पुढच्या वेळी विचारा.’ हे शेवटचं वाक्य आम्हाला हवं होतं. मी ससूनच्या भागात कामाला जायचे तेव्हा पंधरा-वीस मिनिटं भेटून यायचे. ती कधी कधी बोलायचीही नाही, वडापाव खायची आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसायची. तुम्ही मित्रांकडे जाऊ शकत नसाल तर त्यांना बोलवा. राजमाचीचं जे वाक्य लागलं तेही त्या मित्राला सांगा, मनात ठेवू नका.

▪ जुने_फिजिशियन (नाशिक)

पोरी, तुझं लिखाण वाचून माझे हाउसमनचे दिवस आठवले. सुट्टीचं आधी सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमावलीत वर्षाला किमान 20 दिवस पगारी किरकोळ रजा दिलेली आहे, आणि कामाच्या निकडीनुसार आठवड्याची एक सुट्टीही. 2024 मध्ये आयोगाच्याच कृती गटाने रेसिडेंटकडून आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, वॉर्डात काय चालतं ते आपण दोघंही जाणतो. पण रजा हा उपकार नाही हे लक्षात ठेव. अर्ज लेखी दे, आत्ताच दे, तारखेसकट. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तोंडी विचारशील तर कुठलाही युनिट हेड कपाळाला आठ्या घालेल.

को-जेआरबद्दल: आधी दे, मग माग. दिवाळीच्या ड्यूट्या तू घेतेस असं स्वतःहून सांग. लांबून आलेल्या मुलांना दिवाळीत घर हवं असतं, आणि तुझं लग्न तर तुळशीच्या लग्नानंतर आहे. यात कुणावर ओझं पडत नाही.

आता तबल्याचं, कारण घरचे लोक तुला ज्या थोरांची नावं सांगतात त्यांत एक राहिलंय. छातीवर बोटांनी ठोकून आजार ओळखायची पद्धत 1761 मध्ये व्हिएन्नाच्या लेओपोल्ड ऑएनब्रुगर यांनी छापून मांडली. ग्राट्सच्या एका खानावळवाल्याचा मुलगा. सालिएरीच्या एका ऑपेराची संहिताही त्यांनीच लिहिली, 1781 मध्ये, आणि शेवटपर्यंत डॉक्टर राहिले. तू छाती ठोकून बघतेस तेव्हा पाणी भरलेल्या जागेवरचा मठ्ठ आवाज आणि वरचा मोकळा आवाज यांतली सीमारेषा तुझ्या कानाला इतरांआधी कळत असणार. माझा एक विद्यार्थी पखवाज वाजवायचा, एक्स-रे यायच्या आधी पेनाने पाठीवर रेघ मारून ठेवायचा आणि ती बहुधा बरोबर यायची. तेव्हा तुझा कान वॉर्डातही कामावर आहे, तबला पूर्ण बंद पडलाय असं समजू नकोस.

एक शेवटचं. झोप मिळत असूनही लागेनाशी झाली, किंवा पेशंट बरा झाल्यावरही आनंद वाटेनासा झाला, तर थांबू नकोस. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आपल्याच मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर निदान तिथे फोन कर. त्या पिशवीकडे बघून हसलीस हे वाचून मला तुझी फार काळजी वाटली नाही, तरी सांगून ठेवतो.

▪ मिरजेची_जेआर

सगळ्यांचे मनापासून आभार. इमर्जन्सीत होते म्हणून उत्तराला उशीर झाला.

काका, तुमचं वाचल्यावर काल एका आजोबांच्या पाठीवर ठोकताना मुद्दाम डोळे मिटून ऐकलं. उजवीकडे खाली खरंच मठ्ठ लागलं, सोनोग्राफीतही पाणी निघालं. सीनियरना सांगितलं तर आता तेही मला ठोकायला बोलावतात. रजेचा अर्ज दिलाय. दिवाळीच्या दोन्ही मोठ्या ड्यूट्या मी घेते म्हटल्यावर पाटण्याच्या माझ्या को-जेआरने वहीत लगेच नावं बदलली, त्याला छठपर्यंत घरी राहायचं होतं.

पढंत सर, गुरुजींना फोन केला. पुढच्या वर्षी परीक्षा देते असा शब्द दिला. त्यांनीही तोच कायदा धरायला सांगितला, शिवाय एक रेला (जलद वाजवायची बोलरचना) दिलाय. जोडी कपाटावर ठेवलीय. हाडाच्या_डॉक्टर दादा, स्कूटर बंद.

ताई, यादी ग्रुपवर टाकली. राजमाचीचं बोलायचं अजून बाकी आहे, तो मित्र या रविवारी कॅन्टीनला येणार आहे, तेव्हा समोरासमोर बोलेन.

आता फक्त जागेचा प्रश्न उरला. परळ, दादर, शिवडीच्या बाजूला एखादा क्लास, मंडळाचं कार्यालय, शाळेचा वर्ग, जिथे रात्री नऊनंतर अर्धा-पाऊण तास तबला वाजवला तर कुणाची हरकत नसेल, असं काही माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. भाडं द्यायची तयारी आहे, फक्त येण्याचा वार आधीपासून पक्का सांगता येणार नाही.