मदत हवी आहे: दाताच्या डॉक्टरची भीती, नाशिकमध्ये कोणी शांत डॉक्टर सुचवा

खालची दाढ दोन महिने ठणकतेय, रूट कॅनाल सांगितलंय. गेल्या आठवड्यात कॉलेज रोडला एका क्लिनिकमध्ये गेले, खुर्ची मागे झाली, ड्रिलचा तो किर्रर्र आवाज सुरू झाला आणि माझे हात गार, म्हटलं सर दुखतंय, अजून बधिर नाही झालंय, तर म्हणे "दोन मुलांची आई ना तुम्ही, एवढं काय घाबरता" आणि असिस्टंट फिसकन हसली. मी तोंडात कापूस तसाच घेऊन उठून आले, फी भरून बरं का! नंतर कळलं की दाढेत इन्फेक्शन, सूज असली की इंजेक्शन खरंच कमी लागू पडतं, म्हणजे माझे नखरे नव्हते.

आता लवंगाचं तेल आणि एका बाजूने जेवण चाललंय, मिसळ तर विसरलेच. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको कुठेही चालेल, हात वर केला की थांबणारे डॉक्टर माहितीयेत का कोणाला? लाफिंग गॅस देऊन कोणी करून घेतलंय का, खर्च किती आला? आणि आधीच्या क्लिनिकमधून एक्सरे मागायचा तर फोनवर काय बोलू, मला तिथे परत पाय ठेवायचा नाहीये. प्लीज "काही होत नाही गं" लिहू नका, ते घरी नवरा रोज सांगतोय.