बाहेरच्या ब्लॉगवर माझं नाव-गाव छापलंय, आणि इथे म्हणतात ‘ते विकिबाहेरचं आहे’

कृष्णाकाठची:
नमस्कार. सहा वर्षं मी मराठी विकिपीडियावर गस्त घालते. रात्री पोरं झोपली की ‘अलीकडील बदल’ उघडायचे आणि शिव्या, जाहिराती, संदर्भ न देता चिकटवलेली बिरुदं काढायची. जूनमध्ये आमच्याकडच्या एका पुढाऱ्याच्या लेखात एक खातं पुन्हापुन्हा ‘समाजरत्न’ घालत होतं. मी तीनदा तो बदल उलटवला, लेखाच्या चर्चापानावर संदर्भ मागितला. चौथ्यांदा प्रचालकांनी (विकीची देखरेख करणाऱ्या सदस्यांनी) खातं प्रतिबंधित केलं. मला वाटलं, विषय संपला.

आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला, ‘अगं, तुझा फोटो कुठे आलाय बघितलास का?’ कुठल्याशा ब्लॉगवर माझं खरं नाव, तालुका, शाळा, सगळं होतं. वर मथळा: ‘ही बाई कोणाची सुपारी घेते?’ फोटो मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यशाळेतला. बाकीच्या सगळ्या कापून फक्त मी ठेवलेली, खांद्यावर शेजारच्या मैत्रिणीची बोटं तेवढी राहिलीत. तो फोटो मीच हौसेनं कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर चढवला होता.

खाली प्रतिक्रियांत कुणीतरी आमच्या यांच्या दुकानाचा नंबर टाकला. दुपारपर्यंत तेवीस फोन आले. बरेचसे शिव्या देऊन ठेवून देणारे. एकानं मात्र अगदी शांतपणे विचारलं, ‘मॅडम शाळेतून किती वाजता सुटतात?’ यांनी तेव्हापासून दुकान लवकर बंद करून मला न्यायला यायला सुरुवात केली आहे.

चावडीवर, म्हणजे विकीवरच्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर लिहिलं तर उत्तर मिळालं: ‘हे विकिबाहेरचं आहे, आपल्या हातात काही नाही.’ काल ‘समाजरत्न’ घालणारा तोच माणूस नव्या खात्यानं येऊन माझ्या चर्चापानावर त्या ब्लॉगचा दुवा टाकून गेला. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आत्ता नेमकं काय करू? आणि काम इथलं, त्यामुळेच त्रास झाला, तरी तो ‘बाहेरचा’ कसा?

भीमथडी:
ताई, तुम्हाला मिळालेलं उत्तर चुकीचं आहे. मी दुसऱ्या एका भारतीय भाषेच्या विकीवर बरीच वर्षं प्रचालक होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळानं फेब्रुवारी २०२१ मध्ये सार्वत्रिक आचारसंहिता मंजूर केली. सदस्याचं नाव, नोकरीचं ठिकाण, पत्ता त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हा तिच्यात छळ धरलाय, आणि ते प्रकल्पावर केलं काय किंवा अन्यत्र केलं काय, दोन्ही सारखंच. ब्लॉग पाडता येणार नाही हे खरं. पण तो लिहिणारा आणि इथलं खातं एकच असल्याचा पुरावा असेल तर त्याला इथे कायमचं बंद करता येतं.

चर्चापानावरचा दुवा नुसता उलटवू नका, पानाच्या जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात तो राहतोच. आणि काढा म्हणून चावडीवर लिहूही नका. शंभर जण आधी तो उघडून बघतील. आपल्याकडे ती आवृत्ती दडपण्याचा, म्हणजे इतिहासातूनही लपवण्याचा अधिकार असलेलं कुणी नसेल तर हे काम स्टुअर्ड (सगळ्या विकींवर अधिकार असलेले सदस्य) करतात, त्यांना खाजगी ईमेल करा. ‘किती वाजता सुटतात’ हा फोन फाउंडेशनच्या आपत्कालीन पत्त्यावर शब्दश: कळवा. त्यांच्या विश्वास व सुरक्षा विभागाकडे वेगळी तक्रारही करा.

२०२० मध्ये दिल्ली दंगलीच्या लेखावरून एका वृत्तसंकेतस्थळानं इंग्रजी विकीच्या एका संपादकाची खाजगी माहिती छापली होती. तेव्हा त्या समाजानं ‘बाहेरचं आहे’ म्हणून हात झटकले नाहीत. त्या संकेतस्थळाचा दुवा देणंच तिथे बंद केलं. आपल्याकडेही प्रचालकांना हा ब्लॉग दुव्यांच्या काळ्या यादीत घालता येईल. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते झालंच पाहिजे.

कोर्टनाका:
वकिली करतो. आधी पुरावा, मग बाकी सगळं. ब्लॉगचं पान वरच्या पत्त्यासकट, तारीख-वेळ दिसेल असं पूर्ण टिपून घ्या, प्रतिक्रियांसकट. पीडीएफही ठेवा. वेबपानं साठवणाऱ्या सार्वजनिक अर्काइव्हवर मात्र जतन करू नका, तुमचीच माहिती आणखी एका जागी कायमची राहील. ज्या मोबाइलवर हे टिपलं तो बदलू नका. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. दुकानाच्या फोनची कॉल-नोंद रोजच्या रोज लिहून काढा.

निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१(४) आहे. एखादा पुरुष बाईच्या मागावर राहत असेल, इंटरनेटवरून का होईना, तर कलम ७८. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून पोलिसांना परत पाठवता येत नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. नाहीच घेतला तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तुमची तक्रार सायबरक्राइम पोर्टलवर करा. ब्लॉग ज्या कंपनीच्या सेवेवर आहे तिच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा, दाद लागली नाही तर तीस दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

फोटोचं म्हणाल तर कॉमन्सचा परवाना लेखाधिकारापुरता असतो. तुमची बदनामी करायची मुभा त्यानं कुणाला मिळत नाही.

सातपुडा:
माझ्याही बाबतीत झालंय, नकाशाच्या कामावरून. एकच सांगते, ब्लॉगवर जाऊन उत्तर देऊ नका. मी दिलं आणि पुढचे तीन लेख माझ्या उत्तरावरच निघाले. आणि मुख्याध्यापकांना उद्याच स्वत: जाऊन सांगा. दुसऱ्या कुणी कागद छापून त्यांच्या टेबलावर ठेवण्याआधी तुमच्या तोंडून कळलं की फार फरक पडतो.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत झालं ते सांगते. मुख्याध्यापिका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शिपायाला बोलावून सांगितलं, माझी वेळ विचारणाऱ्या कुणालाही उत्तर द्यायचं नाही. ठाण्यात आधी ‘ऑनलाइन आहे, दुर्लक्ष करा’ झालं. कोर्टनाकांनी सांगितलेली कलमं वहीत लिहून नेली होती, ती वही पुढे सरकवली. तासाभरानं तक्रार घेतली. स्टुअर्डांनी त्याच रात्री दुवा दडपला. गूगलला पत्ता आणि नंबर शोधातून काढायची विनंती केली आहे. ब्लॉग अजून जागेवर आहे.

एक मात्र राहून राहून मनात येतं. चावडीवर ‘आपल्या हातात काही नाही’ लिहिलं गेलं तेव्हा दोनशे लोकांनी ते वाचलं असेल. एकानंही ‘ताई, कशा आहात?’ असं विचारलं नाही. त्या रात्री मला फोनांपेक्षा ते जास्त लागलं.

तो पुढाऱ्याचा लेख मी सध्या बघू शकत नाही, उघडला की हात थरथरतात. कुणी घेईल का?

भीमथडी:
घेतला. माझ्या निरीक्षणसूचीत आहे, आणखी दोघांना सांगितलंय. काळ्या यादीची विनंतीही आज माझ्या नावानं टाकली आहे, तुमचा उल्लेख कुठेही नाही. कशा आहात, ताई?