चिखलाला कसली उंची?

काळीमाती (सोलापूर): खारफुटीवरचा एक लेख मराठीत करतेय. दलदलीतल्या जमिनीचं 'एलिव्हेशन' मिलिमीटरमध्ये मोजतात. मी 'उंची' लिहिलं, तर आई म्हणाली, "चिखलाला कसली गं उंची?" दुसरा शब्द आहे का?

पाणसळ: उंची चुकीची नाही. आपल्या स्टेशनच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंचीच असते, साडेचारशे मीटरच्या आसपास. पण लेखात कशापासून मोजलंय?

काळीमाती: दांड्यापासून. स्टीलचा दांडा पुढे जाईनासा होईपर्यंत ठोकतात. त्याला आडवा हात जोडून त्यातल्या 9 सुया चिखलावर अलगद टेकवायच्या. हात चार दिशांना फिरवला की 36 नोंदी. शेजारी फेल्डस्पारची पांढरी भुकटी पसरतात आणि काही महिन्यांनी तिच्यावर किती गाळ चढला ते बघतात.

पाणसळ: मग एका शब्दात भागणार नाही. भुकटीवर चढते ती 'भर'. दांड्यावरून कळते ती 'पातळी'. समजा 10 मिमी भर पडली आणि पातळी 6 मिमीच वाढली, तर मधले 4 मिमी जमीन 'बसली'. 'खचली' लिहू नका. खचतं ते एका रात्रीत, पायाखालून. भराव बसतो. गवंडी सांगतोच ना, "एक पावसाळा बसू द्या, मग फरशी घाला."

रानवाट: आणि भर न पडताच वर आली तर? आमचं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, अख्खा हात आत जातो. पाऊस पडला की फुगतं. शेडचा कोबा असा वर येतो की दार घासायला लागतं, दर वर्षी रंधा मारावा लागतो. आम्ही म्हणतो, 'जमिनीनं उचल खाल्ली'.

काळीमाती: हे भारी आहे! खारफुटीत मुळं वाढूनही जमीन वर येते, गाळाशिवाय. तिथं 'उचल' चपखल बसेल.

पाणसळ: जाता जाता, 'दलदल' फार ढोबळ आहे. भरतीचं पाणी येतं ती 'खाजण'. आपल्याकडची कालव्याकाठची 'चिबड' वेगळी, तिथं समुद्राचा काय संबंध!

काळीमाती: ठरलं. खाजण, भर, पातळी, उचल. उंची फक्त समुद्रसपाटीच्या वाक्यात. 'बसली'खाली संपादक लाल रेघ मारणार, तेव्हा तुमचा गवंडी पुढे करते.